कमी लेखणाऱ्या बोलण्याने मूल खरोखर सुधारते का?

प्रश्न : मनस्वी

आमच्या घरात गेल्या काही महिन्यांपासून एक वाद चालू आहे आणि तो घरातल्या घरात मिटेल असे दिसत नाही, म्हणून येथे मांडत आहे. माझा मुलगा आठवीत आहे आणि त्याचे गणित माझे सासरे घेतात. ते निवृत्त आहेत, विषयावर त्यांची पकड उत्तम आहे आणि रोज संध्याकाळी न चुकता ते नातवासाठी वेळ काढतात, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. अडचण त्यांच्या पद्धतीची आहे. एखादे गणित चुकले की चूक बाजूला राहते आणि मुलाचा उद्धार सुरू होतो. "डोक्यात काय बटाटे भरले आहेत का?", "तुझ्या वयाचा असताना तुझा बाप हे तोंडी करत असे", "तू पुढे काय दिवे लावणार ते आत्ताच दिसते आहे", अशी ती वाक्ये असतात. ती रागाच्या भरात तोंडून निघून जातात असेही नाही. मनाला लागेल असे बोलल्याखेरीज माणूस पेटून उठत नाही, असे सासऱ्यांचे ठाम मत आहे आणि ही पद्धत त्यांनी विचारपूर्वक स्वीकारलेली आहे. माझे पती याच पद्धतीने वाढलेले असल्यामुळे "आम्ही काय बिघडलो?" एवढे म्हणून ते विषय संपवतात.

यात भर अशी पडली की पहिल्या घटक चाचणीत मुलाला फार कमी गुण मिळाले, त्यानंतर घरात त्याची बरीच खरडपट्टी निघाली, आणि दुसऱ्या चाचणीत गुण चांगलेच वाढले. सासऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न तेथेच निकालात निघाला. मला मात्र त्याच काळात दुसरेही काही दिसत होते. मुलाने शंका विचारणे जवळजवळ बंद केले आहे. तो उत्तर आधी पेन्सिलीने अगदी फिकट लिहितो, पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहतो आणि जुळले तरच पेनाने गिरवतो. आजोबांची चाहूल लागली की वही मिटतो.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. माणसाला कमी लेखणाऱ्या टीकेमुळे त्याच्यात सुधारणा होते, या समजुतीला अनुभवाचा किंवा अभ्यासाचा काही आधार आहे का? आणि नसेल, तर इतक्या लोकांना तो अनुभव आला आहे असे का वाटते? कृपया सांत्वनपर उत्तरे देऊ नयेत. मी चूक असेन तर तसेही स्पष्ट सांगावे.

जुना खडू

मनस्वीताई, मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते आणि आता निवृत्त आहे. आपण पेन्सिलीचा जो प्रकार सांगितला आहे, तो माझ्या मते या संपूर्ण प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे, गुणांपेक्षाही. खाडाखोड नसलेली वही पालकांना आवडते, परंतु शिक्षकाला ती काहीच सांगत नाही, कारण मुलाने विचार कसा केला हे खोडलेल्या ओळींतच दिसत असते.

आठवीच्या बीजगणितातलेच उदाहरण घेऊ. पाच वजा, कंसात क्ष वजा तीन, असे लिहिलेले असते आणि उत्तर आठ वजा क्ष यायला हवे. अनेक मुलांचे उत्तर दोन वजा क्ष येते. हे उत्तर निष्काळजीपणामुळे येते असे आपल्याला वाटते, पण बहुतेक वेळा त्यामागे मुलाने स्वतः तयार केलेला एक नियम असतो, तो असा की कंसाबाहेरचे वजा चिन्ह कंसातल्या फक्त पहिल्या पदाला लागते. तो नियम चुकीचा आहे, परंतु मूल तो प्रत्येक उदाहरणात इमानेइतबारे पाळत असते. अशा वेळी "कंसातल्या दुसऱ्या पदाचे चिन्ह तू का बदलले नाहीस?" एवढा एकच प्रश्न विचारला, तर मूल आपला नियम बोलून दाखवते आणि तो तेथल्या तेथे दुरुस्त करता येतो. त्याऐवजी "डोक्यात बटाटे आहेत" हे वाक्य कानावर पडले, तर त्या वाक्यातून चिन्हाविषयी कोणतीही माहिती मिळत नाही. मूल त्यातून एवढेच शिकते की कंस आणि वजा चिन्ह एकत्र दिसले की आपला अपमान होतो. पुढच्या वेळी त्याचे निम्मे लक्ष उदाहरणाकडे आणि निम्मे आजोबांच्या चेहऱ्याकडे असते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. मी स्वतः कडक शिक्षिका म्हणून ओळखली जात असे आणि त्याचा मला खेद नाही. चुकीच्या उत्तराला "असू दे, छान प्रयत्न" म्हणणे मला कधीही जमले नाही आणि ते योग्यही वाटत नाही. अर्धवट सोडवलेला गृहपाठ मी परत करत असे आणि पुन्हा करून आणायला लावत असे. मात्र परत केला जात होता तो गृहपाठ, मुलगा नव्हे.

कायद्याचा विषय निघेलच म्हणून त्याचीही नोंद करते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो घराला लागू होत नाही, हे उघड आहे. परंतु कायदा करणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात ठेवाव्याशा वाटल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आमच्या शिक्षककक्षात तेव्हा बरीच कुरकुर झाली होती. छडी कपाटात गेली, पण काही वर्गांत तिचे काम जिभेने उचलले, हेही मी पाहिले आहे.

लेथवाला

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. मी यंत्रशाळेत उमेदवारी करून शिकलेला माणूस आहे. आमच्या उस्तादांनी माझा एक जॉब, म्हणजे लेथ यंत्रावर घडवलेला धातूचा भाग, मायक्रोमीटरने मोजला, दोन शतांश मिलिमीटरने तो कमी भरला, आणि त्यांनी सर्वांच्या देखत तो भंगाराच्या पेटीत टाकून "याला लेथवर नको, चहा आणायला ठेवा" असे उद्गार काढले. सारी शाळा हसली. त्या दिवशी मी मनाशी ठरवले की या माणसाला पुन्हा हसायची संधी द्यायची नाही. पुढे माझ्या हातचे माप उस्तादसुद्धा पुन्हा तपासत नसत. तो अपमान झाला नसता तर मी तेवढा पेटलो असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

जिद्द नावाची गोष्ट गोड बोलण्यातून निर्माण होत नाही. रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला कधीही "छान खेळलास" असे म्हटले नाही, हे सचिनने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. गोपाळराव जोशी यांनी आनंदीबाईंना किती कठोरपणे शिकवले हे सर्वज्ञात आहे, आणि त्याचा परिणाम म्हणून आपल्याला पहिली मराठी स्त्री डॉक्टर मिळाली. आजच्या पालकांनी मुलांना इतके जपून ठेवले आहे की उद्या नोकरीत वरिष्ठाने एक शब्द बोलला तरी ती कोलमडतात. बाहेरचे जग बीजगणिताचा नियम समजावून सांगत बसणार नाही. ते सरळ चहा आणायला पाठवेल. त्यापेक्षा घरच्या प्रेमाच्या माणसाकडून चार कडू शब्द ऐकण्याची सवय झालेली काय वाईट?

मधली ओळ

लेथवाला यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे महत्त्वाची आहेत आणि नेमक्या त्याच कारणाने ती नीट तपासायला हवीत.

सचिन तेंडुलकर यांनी १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर केलेल्या निरोपाच्या भाषणात आचरेकर सरांविषयी जे सांगितले, त्यात दोन गोष्टी होत्या. एक आपण उद्धृत केलीत. एकोणतीस वर्षांत सरांनी कधी "छान खेळलास" असे म्हटले नाही, कारण त्यामुळे आपण गाफील राहू असे त्यांना वाटे. दुसरी गोष्ट अशी की सर त्यांना आपल्या स्कूटरवर बसवून शिवाजी पार्कपासून आझाद मैदानापर्यंत एका सामन्याहून दुसऱ्या सामन्याला घेऊन जात असत, म्हणजे खेळायला जास्तीत जास्त डाव मिळावेत. आता विचार करावा की ज्या मुलाला हा माणूस स्वतःच्या स्कूटरवरून मैदानोमैदान फिरवतो, त्याला "तुझ्यात काही नाही" असा संदेश मिळत असेल का? प्रशंसा न करणे आणि कमी लेखणे या दोन अगदी वेगळ्या कृती आहेत. आचरेकर सरांसारखा, यष्टीवर नाणे ठेवून "बाद झाला नाहीस तर हे तुझे" असे सांगणारा शिक्षक कठोर असेल, पण त्या नाण्यातच त्याची अपेक्षाही ठेवलेली असते.

आनंदीबाईंचे उदाहरण अधिक अवघड आहे आणि मला ते फार अस्वस्थ करते. १८६५ मध्ये जन्मलेल्या या मुलीचे लग्न नवव्या वर्षी झाले, १८८३ मध्ये ती पतीशिवाय अमेरिकेला गेली आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाली. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, तिचे पुण्यात क्षयाने निधन झाले. आपण म्हणता की गोपाळरावांच्या कठोरपणाचा हा परिणाम होता. परंतु या प्रश्नाचा विचार स्वतः आनंदीबाईंनी केलेला आहे. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी असे म्हटले आहे की तुमचे माझ्याशी वागणे चांगले होते की वाईट, हे ठरवणे कठीण आहे. अंतिम हेतूच्या दृष्टीने ते योग्य वाटेल, पण लहान मुलाच्या मनावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने ते चुकीचे होते, हे न्यायाने मान्य करावेच लागते. दहाव्या वर्षी लाकडाने मारणे, बाराव्या वर्षी अंगावर पुस्तके आणि खुर्च्या फेकणे, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सर्व त्यांनी वयानुसार नोंदवले आहे. अर्थात हे प्रकरण शब्दांच्या कितीतरी पुढे गेलेले आहे, याची मला जाणीव आहे. पण मुद्दा तोच राहतो. ज्या व्यक्तीला आपण या पद्धतीचे यश म्हणून पुढे करतो, त्या व्यक्तीने त्या पद्धतीला दाखला दिलेला नाही. तिने यश आणि पद्धत यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला. शिवाय गोपाळरावांनी केवळ छळ केला असता तर आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या. त्यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला शिकवले, तिच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला, तिच्यासाठी बदल्या करून घेतल्या. यशाचे श्रेय नेमके त्यातल्या मारहाणीला देणे हा मला विचित्र हिशेब वाटतो.

आणि आपल्या यंत्रशाळेविषयी एक प्रश्न विचारण्याची परवानगी असावी. त्या उस्तादांच्या हाताखाली आपल्याबरोबर आणखी कितीतरी उमेदवार असतील. त्यांपैकी जे चहा आणण्याच्या टोमण्यानंतर काम सोडून गेले, ते या चर्चेत लिहायला येणार नाहीत.

सांख्यिक

मनस्वी यांचा दुसरा प्रश्न, म्हणजे इतक्या लोकांना हा अनुभव का येतो, हा मला पहिल्यापेक्षा अधिक रोचक वाटतो आणि त्याचे एक उत्तम उत्तर उपलब्ध आहे.

२००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन हे तरुण असताना इस्रायली हवाई दलातील उड्डाण-प्रशिक्षकांपुढे व्याख्यान देत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगला शिकतो, असे ते सांगत असताना एका ज्येष्ठ प्रशिक्षकाने त्यांना अडवले. त्याचे म्हणणे असे होते की एखाद्या छात्राने कसरत उत्तम केली आणि मी त्याचे कौतुक केले, तर पुढच्या वेळी ती बिघडते. उलट वाईट केली आणि मी ओरडलो, तर पुढच्या वेळी ती सुधारते. या निरीक्षणात खोटे काहीच नव्हते. खोटा होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. कोणत्याही माणसाची कामगिरी त्याच्या सरासरीभोवती वरखाली होत असते. एखादा दिवस फार वाईट गेला असेल, तर पुढचा दिवस बहुधा त्याहून बरा जाणार, मग मध्ये कोणी ओरडो अथवा न ओरडो. कानेमन यांनी तेथेच प्रत्येक प्रशिक्षकाला पाठीमागे ठेवलेल्या लक्ष्यावर न पाहता दोनदा नाणी फेकायला लावली. पहिल्या वेळी ज्यांचा नेम चांगला लागला त्यांचा दुसऱ्या वेळी बहुतांशी घसरला, आणि ज्यांचा वाईट लागला त्यांचा सुधारला. कोणी कोणाला एक शब्दही बोललेले नव्हते.

आता ही गोष्ट घटक चाचणीला लावून पाहावी. थोड्या गुणांच्या चाचणीत एखाददुसरे उदाहरण न आठवल्यानेही गुण खूप खाली जातात. सर्वांत वाईट चाचणीनंतरच आजोबा सर्वांत जास्त बोलतात, आणि सर्वांत वाईट चाचणीनंतरच सुधारणेची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणजे बोलणी आणि सुधारणा कायम एकामागून एक येणार आणि पहिलीमुळे दुसरी घडली असे वाटत राहणार. आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाची या बाबतीत वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे फसगत होऊ शकते. म्हणून आपल्या सासऱ्यांच्या निरीक्षणाला मी खोटे म्हणणार नाही.

पहिल्या प्रश्नाविषयी. क्लूगर आणि डीनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अशा अभ्यासांचा मोठा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात सहाशेहून अधिक परिणामांची आणि तेवीस हजारांहून अधिक निरीक्षणांची छाननी होती. काम करणाऱ्याला त्याच्या कामाविषयी काही सांगितल्याने सरासरी सुधारणा होते, हे त्यात दिसलेच, परंतु एक तृतीयांशाहून अधिक वेळा सांगितल्यामुळे काम उलट बिघडले होते. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण जुना खडू यांच्या अनुभवाशी जुळते. सांगण्यामुळे लक्ष कामावरून निघून स्वतःकडे वळले की उपयोग कमी होत जातो. हा नियम कौतुकालाही लागू पडतो, हे मात्र लाड करणाऱ्या पालकांनी लक्षात घ्यावे. म्यूलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत "तू किती हुशार आहेस" असे ऐकलेली मुले पुढे अपयश आल्यावर, मेहनतीची दखल घेतलेल्या मुलांपेक्षा लवकर नाउमेद झाली. त्यामुळे "बटाटे" काढून त्या जागी "हुशार" बसवल्याने प्रश्न सुटत नाही.

नेमक्या अपमानकारक टीकेवर रॉबर्ट बॅरन यांचा १९८८ चा अभ्यास आहे. अशी टीका ऐकलेल्यांना राग आणि ताण अधिक आला, एवढे तर अपेक्षितच होते. त्याहून महत्त्वाचे असे की त्यांनी पुढच्या कामांसाठी स्वतःपुढे ठेवलेली उद्दिष्टे खाली आणली आणि स्वतःच्या क्षमतेविषयीचा त्यांचा अंदाजही घटला. जिद्दीच्या सिद्धान्तानुसार याच्या अगदी उलट घडायला हवे होते.

कठोर प्रशिक्षकांचेही एक मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतील यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वूडन यांनी बारा वर्षांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. थार्प आणि गॅलिमोर या संशोधकांनी त्यांच्या १९७४-७५ च्या हंगामातील सरावात बसून त्यांच्या एकूण २,३२६ कृती नोंदवल्या. त्यांपैकी निम्म्या कृती म्हणजे काय आणि कसे करायचे याच्या साध्या सूचना होत्या. कौतुक सुमारे सात टक्के आणि नुसते रागावणे त्याहून किंचित कमी होते. याखेरीज आठ टक्के कृती अशा होत्या की वूडन रागावत आणि त्याच श्वासात योग्य पद्धत पुन्हा सांगत. त्यांचे सराव शांत किंवा गोडगोड अजिबात नव्हते. पण खेळाडूच्या कानावर जे पडत होते, त्यातला बहुतेक भाग खेळाविषयी होता.

लेथवाला

मधली ओळ यांनी विचारलेला प्रश्न योग्य आहे. सोडून गेलेले होते, आणि त्यांतला एक तर माझ्यापेक्षा हाताने चांगला होता. तरीही माझ्या बाबतीत जे घडले ते कोणत्याही सरासरीने पुसले जात नाही, कारण मी सरासरी नाही. आणि वूडन यांची आकडेवारी माझ्याच बाजूची आहे असे मला वाटते, कारण त्या थोर प्रशिक्षकाने रागावणे सोडलेले नव्हते. माझा आक्षेप एवढाच आहे की मूल चूक समजूनही केवळ आळसाने तीच चूक पुन्हा करत असेल, तर तेथे बीजगणिताचा नियम समजावून काय उपयोग? तेथे माणसालाच बोलावे लागते.

मधली ओळ

तेथे आळसाविषयी बोलावे, आणि स्पष्टपणे बोलावे. "काल दहा उदाहरणे करायची ठरली होती, तू चार केलीस, हे मला चालणार नाही" हे वाक्य कडक आहे, माणसालाच उद्देशून आहे, आणि ऐकणाऱ्याच्या हातात उद्या दहा करण्याचा मार्ग शिल्लक ठेवणारे आहे. "तू पुढे काय दिवे लावणार" या वाक्याला उत्तर म्हणून मुलाने नेमके काय करावे, हे मला अजून कोणी सांगू शकलेले नाही. आपल्या उस्तादांनी टोमण्याबरोबर एक मोजलेले मापही आपल्या हाती दिले होते, ही गोष्ट आपल्या लेखनातच आहे. दोन शतांश कमी. आपली जिद्द त्या आकड्यावर खर्च झाली. तो आकडा मिळाला नसता तर ती कशावर खर्च झाली असती?

मनस्वी

सर्वांचे मनापासून आभार. सरासरीकडे परतण्याचा मुद्दा मला पूर्वी सुचलाच नव्हता आणि तो मी पतींना वाचून दाखवला. ते गप्प झाले, एवढेच सध्या सांगते. प्रश्न उरतो तो सासऱ्यांचा. मी सून आहे, ते पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, आणि "तुमची पद्धत चुकीची आहे" असे मी म्हटले तर त्यांना ती त्यांच्या आयुष्यभराच्या कष्टांची अवहेलना वाटेल. उद्या त्यांनी शिकवणेच सोडले तर मुलाचे नुकसान होईल आणि त्यांचा दिवसही रिकामा होईल. तेव्हा त्यांना न दुखवता कोठून सुरुवात करावी?

सांख्यिक

एक संदर्भ जोडतो. २०१४ साली येगर, कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सातवीच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. शिक्षकांनी निबंधांवर कसून टीका केली आणि काही मुलांच्या निबंधाला एक चिठ्ठी जोडली गेली, जिचा आशय असा होता की माझ्या तुझ्याकडून फार मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस हे मला माहीत आहे, म्हणून मी हे शेरे देत आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमध्ये, ज्यांचा शिक्षकांवरचा विश्वास आधीच कमी होता, निबंध पुन्हा लिहून आणणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या पुढे गेले. शेरे सौम्य केलेले नव्हते. आपल्या सासऱ्यांच्या अपेक्षा खरोखरच मोठ्या आहेत, परंतु नातवाला त्या ऐकू येत असतील असे वाटत नाही.

जुना खडू

मनस्वीताई, पद्धतीवर चर्चा करूच नका. ज्येष्ठ शिक्षकांशी पद्धतीवर वाद घालून मी कधी जिंकलेले नाही. त्यांना काम द्यावे, कारण अशा माणसांना काम दिलेले आवडते. दुसऱ्या चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका शाळेने सहीसाठी घरी पाठवली असेल, तर ती त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "बाबा, याच्या चुका नेमक्या कोणत्या प्रकारच्या आहेत ते मला कळत नाही, तुम्हीच वर्गवारी करून द्याल का?" चिन्हांच्या चुका किती, आकडेमोडीच्या किती, प्रश्न नीट न वाचल्यामुळे झालेल्या किती आणि मुळात संकल्पनाच न समजलेल्या किती, असे चार रकाने आखून द्यावेत. विषयावर पकड असलेल्या माणसाला यात लगेच रस वाटतो, आणि एकदा तो चुकांची वर्गवारी करू लागला की मुलाच्या डोक्याविषयी बोलायला त्याला सवडच उरत नाही. माझ्या पाहण्यात काही करड्या सहकाऱ्यांच्या बाबतीत हे घडलेले आहे. सर्वांच्या बाबतीत घडले, असे मात्र म्हणणार नाही.

दुसरे असे की दररोज एक उदाहरण मुलाने आजोबांना शिकवायचे, असे ठरवता आले तर पाहावे. आजोबांनी फक्त "का?" असे विचारायचे. मूल बोलू लागले की त्याचे चुकीचे नियम आपोआप बाहेर पडतात.

मुलाशी मात्र आपण स्वतः बोलावे आणि आजोबांची बाजू घेऊन किंवा त्यांच्या विरुद्ध बोलू नये. त्याला एवढेच सांगावे की खोडलेली ओळ मला पाहायची आहे, म्हणून यापुढे कच्चे काम वहीच्या उजव्या बाजूच्या समासातच आणि पेनानेच करायचे, चुकले तर त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खोडरबर वापरायचा नाही. पुस्तकाच्या शेवटच्या उत्तरांची पाने पहिले काही आठवडे आपल्याकडे ठेवावीत. सुरुवातीला त्याचे गुण थोडे खाली येण्याची शक्यता आहे, कारण आतापर्यंत झाकलेल्या चुका दिसू लागतील, आणि ही गोष्ट पतींना व सासऱ्यांना आधीच सांगून ठेवलेली बरी.